थोरलीच्या पोटातली साखर

२ नोव्हेंबर

काराकोल शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज काय खाल्लं ते लिहून ठेवा, मग रक्तदाब कशानं चढतो ते कळेल. लिहिते. सकाळी दुधाचा चहा, पाव, थोडी साय. दुपारी मटणाचं शोर्पो, चरबी काढून. चरबी काढलेलं शोर्पो म्हणजे गरम पाणीच. संध्याकाळी पुन्हा चहा. झालं.

पान अर्धं रिकामं आहे म्हणून हेही लिहिते, की माझा रक्तदाब चरबीनं चढत नाही. सुनेनं चढतो.

गेल्या महिन्यात पहिला बर्फ पडला. डोंगराच्या उन्हाच्या बाजूचा दोन दिवसांत वितळून गेला. सावलीच्या बाजूचा राहिला, पण तो तरी केवढा? पिंढरीपर्यंतसुद्धा नाही. दगडही धड झाकले नाहीत. आणि आमची बेगायिम रोज सकाळी पाठीला फावडं बांधून वर जाते आणि त्या एवढ्याशा बर्फात खड्डे खणते. खणते, आत डोकं घालून बघते, परत येते. इकडे गाय हंबरून हंबरून गोठा डोक्यावर घेते.

राखात, माझी चुलत जाऊ, आज कुंपणावरून विचारत होती, "काय जाऊबाई, सुनेचं कानातलं पडलं की काय वर? रोज उकरते ती!"

मी हसण्यावारी नेलं. पण मग लक्षात आलं, कानातली खरंच दिसत नाहीत. लग्नात मी माझ्या हातानं घातलेली, माझ्या आईची चांदीची. विचारलं तर म्हणाली, "आहेत आपा. कामाला लावलीत." म्हणजे काय, देव जाणे. हरवली असतील. मान्य कशाला करेल?

माझ्या मुलाचा, ताबिल्दीचा फोन आला. मॉस्कोत काम जोरात आहे म्हणतो. यंदा नव्या वर्षाला नक्की येणार.

९ नोव्हेंबर

मटण भरलेल्या मांती तीन. (पाच.)

आठवडाभर आभाळ लख्ख आहे. दिवसा ऊन, संध्याकाळ झाली की असा गारठा की अंगणातली बादली तळापर्यंत गोठते. मला वाटलं, चला, निदान बर्फ घट्ट बसेल. बेगायिमचं तोंड मात्र रोज आणखी लांब होतंय.

आज वरून येताना डब्यात बर्फ घेऊन आली. "आपा, हात पुढे करा." ओतला हातावर. बर्फ नव्हताच तो. मोठ्या दाण्याची साखर. मुठीत दाबला तरी गोळा होईना, बोटांतून सुळकन निघून गेला.

"हे थोरलीच्या पोटातलं," म्हणाली.

थोरली म्हणजे गावावरचा तो रुंद पांढरा उतार, सावलीच्या अंगाचा. आमचे पूर्वज त्याला थोरल्या बायकोचं नाव ठेवून गेले. दिसायला शांत, आणि घरात जिला सगळे दबकून असतात, तिच्यासारखा.

"जमीन अजून उबदार आहे," ती समजावायला लागली. "वर हवा गोठलेली. मधे एवढासा बर्फ. खालची ऊब त्याच्यातून वर जाते आणि जाता जाता दाणे सुटे करून ठेवते. मग एकाचा हात दुसऱ्याच्या हातात राहत नाही."

"वितळेल की."

"सावलीत नाही वितळणार. असाच थांबेल. वर नवा बर्फ येऊन बसेल."

"बसू दे. त्यावर स्की करायलाच तर शहरातले पाहुणे पैसे देऊन आपल्या घरी राहायला येणार आहेत."

"आपा, उतरत्या फळीवर साखर सांडलीय, तिच्यावर तुम्ही भरलेलं ताट ठेवाल?"

मी म्हटलं, मी फळीवर साखर सांडूच देत नाही. मला काय कळायचंय त्यातलं. पण ती माझ्या नवऱ्यासारखी बोलते. तोही खाणीत शिरताना छताला कान लावून बसायचा आणि लोक त्याला भित्रा म्हणायचे.

१५ नोव्हेंबर

खोके आले. मोठ्ठे दोन. मी समजले पाहुण्यांसाठी पडदे असतील. निघाली काय, फावडी, घडीच्या लांब सळया आणि गळ्यात अडकवायची यंत्रं. वापरलेली, पण चालू. बीपर म्हणतात त्यांना. एक अंगावर बांधायचा, तो सतत साद देतो. माणूस बर्फाखाली गेला की बाकीचे आपापले बीपर ऐकण्यावर टाकतात आणि बाण दाखवेल तिकडे जातात. कुठून आणले एवढे, म्हटलं. "जमवले."

दुपारी शेजारच्या बायका बोलावून अंगणात शिकवणी. मला वाटलं, पाहुणे मला थोडेच वर नेणार आहेत? तर म्हणाली, "काराकोलहून मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो, आपा. गाडलेल्या माणसाला वाचवतो तो जवळ उभा असलेला माणूस. जवळ कोण असणार? आपणच."

"किती वेळ असतो त्याच्याकडे?"

"तुमच्या कोळशाच्या चुलीवर चहा उतू जायला लागतो तेवढा."

मग एक बीपर लपवून आली आणि मला शोधायला लावलं. अंगणभर फिरले. यंत्रावरचा अंतराचा आकडा कमी होत गेला तसं तिनं शिकवल्याप्रमाणे सावकाश झाले, गुडघ्यावर बसले, यंत्र जमिनीला लागून फिरवलं. सापडला! गोवऱ्यांच्या ढिगात, अगदी खाली. राखातला तो दोनदा नाही सापडला. ती म्हणाली, "जाऊबाईंना गोवऱ्यांची सवय आहे." म्हटलं, सवय नाही, लक्ष लागतं.

बेगायिमनं मान डोलावली. एवढ्यानं मला बरं का वाटावं कळत नाही. रात्री मटणाची चरबी खाल्ली, थोडीच.

१७ नोव्हेंबर

ताबिल्दीचा फोन. मागं लहान मूल रडत होतं. घरमालकिणीचं आहे म्हणाला. ही नवी घरमालकीण चांगली असावी, जेवायलाही घालते. बरं झालं, पोराची आबाळ नाही. बेगायिमला म्हटलं, ये बोल. ती कोळसा आणायला गेली ती फोन संपेपर्यंत आलीच नाही. दुपारीच तर बादली भरून ठेवली होती.

हल्ली ती माझ्याच खोलीत अंथरूण टाकते. कोळसा वाचतो म्हणे.

२५ नोव्हेंबर

चार दिवस बर्फ. आणि वारा. घराच्या या बाजूला खिडकीपर्यंत, त्या बाजूला जमीन उघडी. सगळं गाव खूष. असिलबेक, राखातचा नवरा, खाणीतून सुटका करून आणलेली जुनी बर्फस्कूटर दारात फटफटवत बसलाय. "वहिनी, यंदा आपल्या गावाचं नशीब उघडणार! थोरली बघा कशी सजलीय!"

खरंच सजलीय. एक दगड दिसत नाही. गुळगुळीत, फुगलेली.

आज बेगायिमबरोबर घोडा घेऊन खालच्या कुरणात गवताची गंजी बघायला गेले. सपाट जागा, पोरं खेळतात तिथली. मधोमध पोहोचलो आणि पायाखाली 'धप्प' झालं. आवाज कसा, तर मोठ्या घरात कुणी गादी आपटावी तसा. सगळं कुरण एकदम बोटभर खाली बसलं. घोडा बिचकला. मी नाही घाबरले. थोडी.

बेगायिमनं माझा दंड धरला आणि वर बघितलं. खाली नाही, वर. मग म्हणाली, "आलो त्याच पावलांनी मागे फिरायचं."

"काय झालं गं?"

"साखर ढासळली. खालची. ताट अजून फळीवर आहे, कारण इथं फळी उतरती नाही."

"आणि उतरती असती तर?"

तिनं संध्याकाळी भिंतीवर कागद लावला. त्यावर थोरलीचं चित्र आणि त्यावर लाल फुली.

१ डिसेंबर

पाहुणे आले! सीमेपलीकडच्या अल्माटीचे चौघं. बाऊरझान म्हणून एक दांडगा माणूस, दातांचा डॉक्टर. हसला की सगळे दात दिसतात, जाहिरातच. त्याची बायको साल्तानात, बारीक, शांत. आणि दोन मित्र. आपल्यासारखंच बोलतात, फक्त जीभ जरा जड. मी कणकेचे बोरसोक तळले, परातभर. जाम, साय, घोड्याच्या मांसाचं सॉसेज. बाऊरझान म्हणाला, "आपा, अल्माटी विसरलो." दोनदा वाढून घेतलं. तो लाख माणूस आहे.

माझ्या नवऱ्याच्या घरात खाण बंद पडल्यापासून एवढा आवाज झाला नव्हता.

३ डिसेंबर

काही खाल्लं नाही नीट.

दोन दिवस बेगायिम त्यांना समोरच्या उन्हाच्या टेकडीवर घेऊन जाते. तिथला उतार एवढा हलका की राखातची पोरं पाटावर बसून घसरतात. आज संध्याकाळी जेवताना बाऊरझाननं थोरलीचं नाव काढलं.

"ताई, आम्ही एवढ्या लांबून पोरांच्या घसरगुंडीवर यायचं का? समोर अशी चादर अंथरलीय!"

"चादर आहे, खाली पलंग नाही," बेगायिम म्हणाली.

"बर्फ पडून आठवडा झाला. बसला असेल एव्हाना."

"वरचा बसला. म्हणून तर घट्ट लादी झाली. खालचा बसणार नाही. काल खड्ड्यात फावड्यावर हातानं चापट्या मारून बघितलं. मनगटातून दोन-चार मारल्या तोच वरचा सगळा ठोकळा सरकून माझ्या मांडीवर आला."

"मी पंधरा वर्षं स्की करतोय."

"मला माहीत आहे, तुम्ही सुंदर करता. थोरलीला ते माहीत नाही."

साल्तानात हसली. बाऊरझान नाही हसला. तेवढ्यात असिलबेक चहाला म्हणून आलेला, तो मधे पडला. "अहो, मी लहानपणापासून इथं मेंढ्या चारल्यात. डिसेंबरात एवढ्याशा बर्फानं कधी काही झालं नाही. बर्फाची दरड कोसळते ती फेब्रुवारीत, ढीगभर साचल्यावर. मी नेतो तुम्हाला. स्कूटरनं पायथ्यापर्यंत सोडतो, पाय दुखायचे नाहीत."

बाऊरझान आणि एक मित्र तयार झाले. साल्तानात म्हणाली, मी बेगायिमबरोबर जाणार. दुसऱ्या मित्राचा गुडघा दुखतो, तो झोपणार.

पाहुणे खोलीत गेल्यावर मी सुनेला बोलले. खूप बोलले. म्हटलं, पहिलेच पाहुणे, त्यांना असं तोंडावर नाही म्हणतात? उद्या ते राखातच्या घरी राहायला गेले तर? एकदा नेलं असतंस तर काय बिघडणार होतं? सगळ्या गावाला वाटतं थोरली ठीक आहे, तुला एकटीलाच शहाणपण आलंय का?

ऐकून घेतलं सगळं. भांडी घासत होती, हात थांबले नाहीत. मग म्हणाली, "तुम्ही रागावलात आपा, तर उद्या तुम्हीच मला चहा द्याल. तिचं तसं नाही."

आणि शाल घेऊन बाहेर पडली. मला वाटलं रुसून गेली. खिडकीतून बघते तर असिलबेकच्या दारात. त्यानं हात झाडले, राखातनं काहीतरी टोमणा मारला असावा. पण ही हटली नाही. स्वतः त्याच्या छातीवर बीपर बांधला, पट्टे आवळले, चालू करून बघितला, मगच आली.

"एवढं तो तुला बोलला, आणि तू त्याला बांधायला गेलीस?"

"भांडण वेगळं, बीपर वेगळा."

४ डिसेंबर

आज लिहवत नाही. असिलबेक जिवंत आहे.

५ डिसेंबर

काल झालं ते क्रमानं लिहिते, कारण गावात आत्ताच चार तऱ्हांनी सांगतायत.

सकाळी बेगायिम साल्तानातला घेऊन समोरच्या टेकडीवर गेली. मी आणि राखात घोड्यावर मटण-भाताच्या प्लोवची कढई बांधून ओढ्याच्या अलीकडे खाणीची जुनी खोली आहे तिथं गेलो. असिलबेकनं सांगून ठेवलं होतं, थोरलीवरून उतरलो की गरम खायला हवं. मी गेले. माणसांना जेवू घालण्यात काय चूक असणार, असं वाटलं. निघताना बेगायिमनं माझ्या कमरेला वॉकीटॉकी लावला, गळ्यात बीपर घातला, खोगिराला फावडं अडकवलं. "खोलीपलीकडे पाऊल टाकायचं नाही," एवढंच बोलली.

ते तिघं चढायला लागलेसुद्धा नव्हते. स्कूटर थोरलीच्या पायथ्याशी, सपाटीवर उभी होती. बाऊरझान आणि मित्र वाकून, चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवत होते. असिलबेक जरा पुढे, मोठ्या दगडाकडे बर्फ तुडवत वाट करत होता. आम्हाला हात केला त्यानं. राखातनं डोक्यावरचा रुमाल हलवला.

आणि धप्प.

कुरणात झालं होतं तेच, पण ओढ्यापलीकडून ऐकू यावं एवढं मोठं. क्षणभर काहीच नाही. मग वर, खूप वर, थोरलीच्या खांद्यावर एक रेघ उमटली. सुरीनं साय कापावी तशी, एका कडेपासून उताराच्या मध्यापर्यंत. आणि रेघेखालचं सगळं तुटून लाद्या लाद्या होऊन खाली यायला लागलं. ते उतारावर नव्हतेच हो! सपाटीवर उभे होते. त्यांनी खालून धक्का दिला आणि ती वरून आली.

पांढरी धूळ. राखात किंचाळत होती. मला वाटतं मी नुसती उभी होते.

कमरेवरून आवाज आला. "आपा. किती जण दिसतायत?"

एवढा शांत आवाज. जणू चहाला किती कप ठेवू विचारतेय.

धूळ बसत होती. म्हटलं, "एक उभा आहे. डॉक्टर छातीपर्यंत आत. असिलबेक नाही."

"शेवटचा कुठं बघितला?"

"मोठ्या दगडाच्या डावीकडे. वाट करत होता."

"त्या दगडाच्या खाली, सरळ रेषेत, बर्फ जिथं थांबलाय तिथं बघत राहा. नजर हलवू नका. मी आले."

मी नजर हलवली नाही. राखात मला ओढत होती तरी नाही. म्हणून ती टेकडीवरून कशी उतरली ते मी पाहिलं नाही. साल्तानात म्हणते, दगड फेकावा तशी सरळ गेली.

आली ती आधी थांबली. सगळे आकांत करतायत आणि ही उभी राहून वर बघतेय. थोरलीचा डावा अर्धा भाग अजून वरच लटकत होता. साल्तानातला तिनं कडेला उभं केलं, "नजर फक्त वर. काही हललं की शिट्टी." डॉक्टरला ओरडून सांगितलं, बीपर ऐकण्यावर टाक, नाहीतर तुझीच साद ऐकू येत राहील. तो बिचारा अर्धा गाडलेला, पण टाकला.

राखात धावत सुटली. बेगायिमनं तिला दोन्ही हातांनी अडवलं.

"माझा नवरा आहे आत!"

"म्हणूनच, काकू. घरी दोन पोरं आहेत. वरचं अजून पडायचंय. इथंच उभ्या राहा." आणि माझ्याकडे बघून, "आपा, तुम्ही या."

मी गेले. विचार केला नाही. त्या लाद्यांवरून चालवत नाही, टेबलाएवढे ठोकळे, मधे खाचा. तिच्या हातातलं यंत्र, माझ्या हातातलं यंत्र. मी दगडाच्या रेषेतून, ती खालून. माझा बाण वळला. आकडा उतरायला लागला. मी ओरडणार होते, पण ओरडले नाही, गुडघ्यावर बसले आणि यंत्र बर्फाला लावून सावकाश फिरवलं. ती येऊन शेजारी बसली. सळई उघडली, टोचली. टोचली. पुन्हा टोचली. चौथ्यांदा हात थांबला.

"इथं. सळई काढायची नाही. खालच्या अंगानं खणा, आपा, त्याच्या डोक्यावर उभं नाही राहायचं."

तो बर्फ पडताना पिठासारखा होता, थांबल्यावर विटेसारखा. मी, ती आणि तो उभा असलेला मित्र. ती ठोकळे कापायची, मी ओढून मागे टाकायची. छातीत दुखत होतं. बूट नाही, हात नाही, टोपी लागली. टोपीखाली तोंड. निळं. डोळे अर्धवट उघडे. मला वाटलं संपलं. बेगायिमनं बोट घालून तोंडातला बर्फ काढला, अंग तसंच गाडलेलं असताना छातीवरचं तेवढं मोकळं केलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास दिला. एकदा, दोनदा. मोजायची शुद्ध मला नव्हती.

तो खोकला.

त्याचा पहिला शब्द लिहिण्यासारखा नाही. पण इतका गोड शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता.

डॉक्टरला मग काढलं. सगळे बाहेर येईपर्यंत बेगायिमनं कुणाला बसू दिलं नाही, रडू दिलं नाही. "रडायचं ओढ्यापलीकडे." असिलबेकला घोड्याच्या झुलीवर घालून ओढत आणला. पलीकडे आल्यावर राखात त्याच्या अंगावर पडून हंबरडा फोडत होती आणि तो म्हणत होता, अगं बरगड्या, अगं बरगड्या.

काराकोलची माणसं दुपारनंतर आली. चांगली माणसं, धापा टाकत आलेली. त्यांच्यातला म्होरक्या सगळं बघून बेगायिमला म्हणाला, "आम्हाला करायला काही ठेवलं नाहीस."

घरी आल्यावर ती चहा ओतायला बसली. कप भरेना. सगळा चहा चादरीवर. तिच्या हातून काही सांडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी किटली काढून घेतली. म्हटलं, दे, तुला ओतताच येत नाही.

रक्तदाब बघितला. सगळ्या वर्षातला उत्तम. डॉक्टरीणबाईंना कसं सांगू?

८ डिसेंबर

आज विचारलंच. "मलाच का बोलावलंस गं? राखात तरुण आहे, दणकट आहे. म्हातारी गेली तर चालेल म्हणून?"

बटाटे सोलत होती. "तुम्ही नजर हलवली नव्हती. आणि ओरडत नाही तुम्ही, काम चालू असताना."

"आणि वरचं पडलं असतं तर?"

"तर मी पण तिथंच होते, आपा."

मीही सुरी घेऊन बटाटे सोलायला बसले.

असिलबेकला इस्पितळातून आणलं. चार बरगड्या, एक खांदा. सगळं गाव बघायला. बेगायिम गेली तर तो उठायला लागला. चाळिशी उलटलेला माणूस, सुनेच्या वयाच्या बाईसमोर उठून उभा राहू पाहत होता. तिनं खांद्याला धरून बसवलं. तो म्हणाला, "पोरी, मी त्या डोंगराखाली जन्मलो. मला वाटायचं मी ओळखतो त्याला."

"ओळखता की, काका. जानेवारीत मला मेंढ्यांच्या सगळ्या वाटा दाखवा. मला त्या माहीत नाहीत."

बघा. दुसरी असती तर सुनावलं असतं. मीच सुनावलं असतं. तिनं त्याला काम दिलं. पडल्या पडल्या त्याची छाती फुगली आणि बरगड्या दुखल्या.

पाहुणे परत जातील वाटलं होतं. गेले नाहीत. बाऊरझान रोज तिच्यामागे खड्डे खणायला जातो. परवा पोरांच्या घसरगुंडीवर दिवसभर घसरला आणि म्हणाला, काय बर्फ आहे!

असिलबेककडून परत येताना मी पुन्हा कानातल्यांचं विचारलं. म्हणाली, "तीन तारखेला असिलबेककाकांच्या छातीवर बांधली होती ना." हिला थट्टेची लहर कधी येईल सांगता येत नाही.

१३ डिसेंबर

ताबिल्दीला फोन लावून सगळं सांगितलं. तास गेला असेल. बायको कशी उतरली, कसं शोधलं. तो नुसतं हं, हं. शेवटी म्हणाला, "हो का? ती बरी आहे ना?" परक्या माणसाची चौकशी करावी तसं. मला आवडलं नाही. दमला असेल.

२० डिसेंबर

आज सगळं लिहायचं आहे, खाल्लेलं सोडून.

दुपारी ताबिल्दीचा फोन. बेगायिम नव्या पाहुण्यांना घेऊन झाडीतल्या हलक्या उतारावर गेली होती. तो म्हणाला, नव्या वर्षाला यायला जमणार नाही. मी म्हटलं, दोन वर्षं हेच ऐकतेय. मग सांगितलं. ती घरमालकीण नाही. ते मूल त्याचं आहे. पाच महिन्यांचं. मुलगी.

मी विचारलं, "बेगायिमला कधी सांगणार?"

"तिला माहीत आहे, आई. जूनमध्येच सांगितलं मी. तिला म्हटलं, माहेरी जा. ती म्हणाली, आपांना अजून सांगू नकोस, त्यांचा रक्तदाब चढेल."

जून. जूनमध्ये तिनं पाहुण्यांच्या खोल्यांना चुना लावायला घेतला होता.

मी खूप रडले. माझंच पोर आहे, त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि उघडलेलंच राहिलं. नातीचं नाव विचारलं. सांगितलं त्यानं. चांगलं नाव आहे. तेही इथं लिहिणार नाही, आज नाही.

बेगायिम आली, बूट काढत होती. माझे डोळे बघितले आणि समजली. दारातच उभी राहिली, आत यावं की नाही अशी. या घरात सहा वर्षं झाली, आणि तशी उभी.

"का नाही गेलीस?" मी विचारलं. रागानंच विचारलं असेल.

"कुठं?"

"माहेरी. कुठंही."

हातमोजे काढले. एकात एक घातले. "जूनमध्ये जाणारच होते, आपा. सामान बांधलं होतं. त्या दिवशी तुम्ही शेजाऱ्यांना सांगत होतात, सून हिवाळ्यात पाहुणे आणणार आहे, बघाच तुम्ही. मी ते नुसतं एकदा बोलले होते तुमच्याशी, जेवताना. तुम्ही ते गावभर केलंत. माझ्या तोंडावर म्हणायचात, वेडी आहेस."

मला आठवत नाही. मी तसं म्हटलं असेन का? म्हटलं असेन.

"आता जायचं असेल तर मी अडवणार नाही," मी म्हटलं. "तू तरुण आहेस."

"उद्या साडेआठला पाहुण्यांना नाश्ता लागेल," ती म्हणाली. "अंडी संपलीत."

मी तिला हाताला धरून आत नेलं आणि दारासमोरच्या भिंतीपाशी बसवलं, जिथं घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस किंवा लांबून आलेला पाहुणा बसतो. सुनेनं तिथं कधी बसायचं नसतं. ती उठायला लागली. मी म्हटलं, बस. मी दाराजवळ किटलीपाशी बसले आणि तिला चहा ओतून दिला. बाहेर पाहुणे स्की आपटून बर्फ झटकत होते.

अंधार पडायच्या आत ताबिल्दीचा पुन्हा फोन. बहुधा रडून झालं असेल त्याचंही. म्हणाला, "आई, उन्हाळ्यात लेकीला घेऊन येऊ का? आठवडाभर राहू."

मी बेगायिमकडे बघितलं. ती कपात बघत होती. मग तिनं मान डोलावली, किंचित.

म्हटलं, "ये. पण आधी बेगायिमला विचारून तारीख ठरव. खाटा चारच आहेत, आणि पाहुणे कायम असतात."